बावीस नंबरचे ठिपके

कार्यालयात तिला सगळे आकडेताई म्हणत; तोंडावर प्रेमाने, पाठीमागे जरा कमी प्रेमाने. दोन कंपन्यांना एक व्हायचं असेल तर त्यांनी आधी या कार्यालयाची परवानगी घ्यायची, असा कायदा होता. कायद्याची बाजू बघायला चौथ्या मजल्यावर वीस वकील होते. आकड्यांची बाजू बघायला तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला चिकटलेल्या खोलीत, आकडेताई आणि सतत तापणारा एक संगणक होता. खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की कागद उडत, म्हणून ती बारा महिने बंद.

सध्या तिच्या टेबलावर डायलिसिसची फाईल होती. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त यंत्रातून स्वच्छ करून देणारी केंद्रं चालवणाऱ्या दोन कंपन्या, आणि त्यांना आता एकत्र नांदायचं होतं. शहरात पहिलीचं एक केंद्र होतं, दुसरीचं एक. दोन्ही केंद्रांत पहाटेची पाळी होती. पाचला यंत्राला लागायचं, नऊला मोकळं व्हायचं आणि साडेनऊला कामावर हजर. आठवड्यातून तीनदा. ज्याचं पोट हातावर आहे त्याच्यासाठी ही पाळी म्हणजे नोकरी टिकणं किंवा जाणं, इतका साधा हिशेब होता.

आणि आकडेताईला एक गोष्ट दिसली होती. इतर नऊ गावांत या दोन कंपन्यांपैकी एकच उरली होती, दुसरी या ना त्या कारणाने उठून गेलेली. त्या नऊच्या नऊ गावांत वर्षभराच्या आत पहाटेची पाळी बंद पडली होती. पहाटे चारला परिचारिका आणायची तर खर्च येतो, आणि रुग्ण दुसरीकडे जाण्याची भीती नसेल तर तो खर्च कोण कशाला करेल? एकमेकींच्या धाकाने दोघींची झोप उडाली होती, म्हणून पहाटे दिवे लागत होते. धाक गेला की दिवेही जाणार.

कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं. आमची इथली दोन केंद्रं शहराच्या दोन टोकांना आहेत. गाडीने पस्तीस मिनिटं लागतात. इकडचा रुग्ण तिकडे जातच नाही, मग स्पर्धा कसली आणि धाक कसला? उलट आमच्या पहिल्या केंद्रापासून दहा मिनिटांवर एका संस्थेचं केंद्र आहे, खरी स्पर्धा त्यांच्याशी. हे सगळं लिहून देणारे प्राध्यापक साधेसुधे नव्हते. त्यांच्याच पुस्तकावर आकडेताई परीक्षा पास झाली होती. कार्यालयाच्या स्वतःच्या नियमातही गाडीने वीस मिनिटांत पोचता येईल तेवढंच वर्तुळ काढायचं होतं. त्या वर्तुळात दोन केंद्रं एकमेकांना दिसतही नव्हती.

पण मागच्या वर्षी पहिल्या केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं आणि केंद्र अकरा दिवस बंद होतं. डायलिसिस काही अकरा दिवस थांबत नाही. पहाटेच्या पाळीचे चौतीस रुग्ण कुठे ना कुठे गेलेच असणार. आकडेताईने तिन्ही केंद्रांच्या नोंदी मागवल्या, नावं झाकलेल्या, फक्त क्रमांक आणि पत्ते. दोन दिवस मान मोडून जुळवाजुळव केली. चौतीसांतले तेवीस जण दहा मिनिटांवरच्या केंद्रात गेलेच नव्हते. ते गेले होते पस्तीस मिनिटांवरच्या.

तिने तीनदा तपासलं. आकडा जागचा हलला नाही. यंत्र बिघडलं तेव्हा कुणी त्या तेवीस जणांची सभा भरवली नव्हती, कुणी त्यांना चिठ्ठ्या वाटल्या नव्हत्या. तेवीस घरांत तेवीस जणांनी आपापलं ठरवलं आणि सगळे एकाच दिशेला निघाले. आकडेताईच्या अंगावर काटा आला. या खोलीत बसून तिला असं दोन-चारदाच झालं होतं, आणि त्यासाठीच ती हा पगार पत्करून राहिली होती.

कागद घेऊन ती चौथ्या मजल्यावर गेली. तिथले साहेब वकील. कलमं तोंडपाठ, आवाज मोठा, मन वाईट नाही. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"तेवीस जण. बरं. पण का?"

"ते अजून कळलेलं नाही."

"मग हे घेऊन मी मंडळापुढे जाऊ? चौतीस माणसं आहेत ताई, चौतीस हजार नाहीत. प्राध्यापक म्हणतील योगायोग, आणि आपण मान डोलावायची? डब्यांचं आठवतंय ना?"

आठवत कसं नाही! दोन वर्षांपूर्वी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपन्यांची सुनावणी होती. आकडे तिचे चोख होते. निकाल देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं होतं, "पण असं का होतं?" आणि तिची वाचा बसली होती. परवानगी मिळाली, डबे महागले, अगदी तिने सांगितले होते तितकेच. पण बरोबर ठरल्याबद्दल कुणी तिला बोलावून शाबासकी दिली नाही.

"सुनावणीला पंधरा दिवस आहेत," साहेब म्हणाले. "मला 'का' आणून द्या. नाहीतर मी परवानगीच्या बाजूने लिहितो. माझा नाइलाज आहे."

त्या दिवशी तिने नकाशावर डोकं फोडून घेतलं. रस्ते, पूल, डोंगर, नाले, सगळं बघितलं. डॉक्टर एकच आहेत का? नाही. तिकडे स्वस्त आहे का? उलट थोडं महाग. नकाशावर इतक्या रेघा की डोळे फिरायला लागले. शेवटी तिने नकाशावर एक कोरा कागद ठेवला आणि त्यावर फक्त त्या तेवीस घरांचे ठिपके काढले. रस्ता नाही, केंद्र नाही, ना नाव ना गाव. फाईल घरी न्यायला सक्त मनाई होती, पण कोऱ्या कागदावरचे ठिपके म्हणजे काही फाईल नव्हे, अशी मनाची समजूत घालून तिने तो घडी करून पर्समध्ये टाकला.

घरी अप्पा, म्हणजे तिचे वडील, टेबलाशी वाटाणे सोलत बसले होते. अप्पा बसमध्ये कंडक्टर होते. एकतीस वर्षं तिकिटं फाडून गुडघे घालवून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "माणसं चढली, उतरली, गेली. आपण काय केलं? घंटी वाजवली." मुलगी काय करते हे त्यांना आजवर नीटसं कळलं नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं की ते सांगत, "कंपन्यांची लग्नं मोडते."

ती दारातूनच बोलायला लागली, तशी अप्पांनी हात वर केला. "आधी बसून घे." ही त्यांची जुनी खोड. उभ्या माणसाशी ते बोलायचेच नाहीत. पाहुणा असो, गॅसवाला असो, "आधी बसून घ्या." आई होती तेव्हा यावरून त्यांची भरपूर थट्टा करायची.

ती बसली, कागद उलगडला आणि नुसतीच बघत राहिली. अप्पांनी दोन शेंगा सोलल्या, तिसरी हातातच राहिली.

"हे तू उलटं धरलंयस," ते म्हणाले.

"अप्पा, हे ऑफिसचं आहे. तुम्ही बघू नका."

"मी कुठे बघतोय! तू उलटं धरलंयस एवढंच म्हणालो." आणि त्यांनी कागद तिच्या हातातून घेऊन फिरवला. वाटाण्याने हिरवं झालेलं बोट पहिल्या ठिपक्यावर ठेवलं. मग त्यांचा आवाज बदलला. घरात तिने तो लहानपणानंतर ऐकलाच नव्हता.

"पाण्याची टाकी... टाकीवाले पुढे या. छापखाना. मुलींची शाळा. इथे वळण, धरून उभे राहा. जुना पूल, पुलाखाली कोण? लोहार गल्ली, लोहार गल्लीला तिघं उतरणार..." बोट ठिपक्यावरून ठिपक्यावर जात होतं, कुठेही न अडता. "अगं, ही तर बावीस नंबर आहे. एकोणीस वर्षं केली मी ही. कुणी काढली एवढी नेमकी?"

"बस?" ती म्हणाली. "बसचा रस्ता आहे हा?"

"रस्ता नाही, माणसं आहेत. रस्ता असता तर रेघ असती. ही बावीसची माणसं आहेत, सकाळच्या पहिल्या गाडीची." अप्पांनी बोट पुढे नेलं, ठिपके संपले त्याच्याही पुढे, कोऱ्या कागदावर, आणि नखाने एक खूण केली. "आणि इथे शेवटचा स्टॉप. आणि या बाजूला, इथे, सुरुवातीचा." तिथेही नख उमटलं.

आकडेताईने तोंडात बोट घातलं ते खरोखरच. दोन्ही केंद्रं कुठे आहेत हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. तिने ती काढलीच नव्हती.

"बरं, ठिपके तेवीस आहेत," अप्पा म्हणाले. त्यांनी बोट फिरवता फिरवताच मोजलेही होते. "एकूण किती होते?"

"चौतीस."

"मग उरलेले अकरा कुठे उतरले?"

"सात जणांकडे घरची गाडी आहे, ते जवळच्या ठिकाणी गेले. चौघं मोठ्या रुग्णालयात भरती झाले." हे तिने सांगायला नको होतं, पण हा माणूस एकही प्रवासी हिशेबाबाहेर सोडणार नव्हता. त्यांनी मान हलवली आणि शेंग सोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो कागद नकाशावर ठेवून काचेवर धरला. अप्पांच्या नखाची एक खूण दुसऱ्या केंद्राच्या फाटकावर पडली होती, दुसरी पहिल्या केंद्राच्या. शहरातल्या सगळ्या मोजमापांनी जे लपवलं ते वाटाणे सोलणाऱ्या एका बोटाने दाखवलं होतं. प्राध्यापकांनी गाडीने मोजलं होतं. कार्यालयानेही गाडीने मोजलं होतं, कारण मोजणारे सगळे गाडीनेच कामावर येत होते. ती स्वतःसुद्धा.

साहेबांना तिने सगळं खरं सांगितलं, घरी नेलेल्या कागदासकट. साहेबांच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी एक कलम पुटपुटून दाखवलं, आणि मग लगेच बस खात्याला रीतसर पत्र पाठवलं: बावीस क्रमांकाचा मार्ग आणि गेल्या वर्षीच्या पहिल्या गाडीची थांबावार तिकिटं पाठवा. "पण ताई," ते म्हणाले, "बस आहे, मान्य. जवळच्या केंद्रालाही बस जाते. चौकात एकदा बदलावी लागते, तेवढंच. एका बदलासाठी माणूस इतक्या लांब जातो?"

म्हणून बुधवारी सकाळी नऊला ती दुसऱ्या केंद्रासमोरच्या थांब्यावर उभी होती. पहाटेची पाळी सुटली होती. पाच-सहा जण बाहेर आले, प्रत्येकाच्या एका हाताला कापूस आणि वर पांढरी पट्टी. त्यांच्यातला एक कुलपं दुरुस्त करणारा होता. गळ्यातल्या पिशवीत किल्ल्यांचे जुडगे. दहाला त्याला दुकान उघडायचं होतं. चालताना त्याचे पाय लटपटत होते, आणि तो ते हसण्यावारी नेत होता.

"चार तास यंत्राला लागलं की पाय दुसऱ्याचे होतात," तो तिला म्हणाला. "अर्ध्या तासाने परत मिळतात."

बस आली. तो चढला, दांडा धरून एकेक पाऊल टाकत मागच्या सीटकडे निघाला. बस गच्च होती, मागे दोन गाड्या भोंगे वाजवत होत्या, ड्रायव्हर आरशात बघत होता. कंडक्टर तिशीची मुलगी होती, हात दोरीवर, पण दोरी ओढत नव्हती. कुणीतरी उठलं. कुलूपवाला बसला, पट्टीचा हात मांडीवर ठेवला. मग टिंग टिंग.

आकडेताईने तिकीट घेताना विचारलं, "का थांबलात?"

"पट्टीवाला बसल्याशिवाय बावीसला डबल बेल नाही," मुलगी म्हणाली. "पुस्तकात नाहीये, पण असंच आहे. मला शिकवणाऱ्याने शिकवलं, त्याला त्याच्या शिकवणाऱ्याने. चौकातल्या गाड्यांवर असलं काही नाही हं, तिकडे एक पाय आत पडला की सुटली."

"कुणी सुरू केलं?"

"होते कुणीतरी जुने. नाव नाही माहीत. बसूनघ्या काका म्हणायचे त्यांना."

आकडेताईला एकदम बसावंसं वाटलं, पण जागा नव्हती. तिने दांडा घट्ट धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लोहार गल्ली गेली, जुना पूल गेला. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पाण्याच्या टाकीशी कुलूपवाला उतरला. आता त्याचे पाय त्याचेच होते.

बस खात्याच्या नोंदी सुनावणीच्या दोन दिवस आधी आल्या. पहिल्या गाडीने शेवटच्या थांब्याला एरवी सहा-सात जण उतरत. त्या अकरा दिवसांत सतरा-अठरा उतरले होते. बाराव्या दिवशी पुन्हा सात. तेवीस रुग्ण एकाआड एक दिवस, म्हणजे रोजचे अकरा-बारा. दोन खाती, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली. एकाने रक्ताची नोंद ठेवली, दुसऱ्याने तिकिटाची. आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकच गोष्ट सांगत होते. साहेबांनी ते बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना एकही कलम आठवलं नाही.

सुनावणीच्या दालनात मधे अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. प्राध्यापक तासभर बोलले, आणि छान बोलले. मग आकडेताई उठली. तिने नऊ गावांच्या बंद पडलेल्या पाळ्या सांगितल्या, अकरा दिवस सांगितले, तेवीस जण सांगितले. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पण असं का होतं?"

तोच प्रश्न, तेच शब्द. या वेळी तिने पडद्यावर ठिपके दाखवले, मग त्यावर बावीस नंबरचा मार्ग, मग तिकिटं. "कारण इकडची माणसं मिनिटं मोजत नाहीत, बाई," ती म्हणाली. "ती पायांचा विचार करतात. जवळच्या केंद्राहून परतताना चौकात उतरून दुसरी बस धरावी लागते. बावीसने पन्नास मिनिटं लागतात, पण बसून. या मार्गावर पट्टीवाला रुग्ण बसेपर्यंत गाडी हलत नाही. कंडक्टरांची तशी पद्धत आहे. त्या पद्धतीने ही दोन केंद्रं शेजारी-शेजारी आणून ठेवली आहेत. नकाशावर ती लांब आहेत. माणसांसाठी समोरासमोर आहेत."

प्राध्यापक पुढे झुकून ठिपक्यांकडे बघत होते, एखादा नवा विद्यार्थी बघतो तसे. मग ते म्हणाले, "आम्ही गाडीने मोजलं." वाद घालायचा त्यांना हक्क होता, पण त्यांनी घातला नाही. जाताना ते तिच्या टेबलाशी थांबले. "मी पुस्तक लिहिलं तेव्हा मलाही हे सुचलं नसतं," एवढं बोलून निघून गेले.

निकाल तीन आठवड्यांनी आला. कंपन्यांना एकत्र येता येईल, पण या शहरातलं एक केंद्र त्यांनी तिसऱ्या कुणाला तरी विकायचं, आणि तोवर दोन्हीकडे पहाटेची पाळी चालू ठेवायची. दोन केंद्रं, दोन मालक. धाक शाबूत, पहाटेचे दिवे शाबूत. निकाल आता सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून तिने त्याची प्रत उजळ माथ्याने घरी आणली.

अप्पा टेबलाशीच होते. ती दारातूनच वाचत आली.

"परिच्छेद चौसष्ट. 'बावीस क्रमांकाच्या बसमार्गावर रुग्ण आसनस्थ झाल्याखेरीज गाडी न सोडण्याची प्रथा गेली अनेक वर्षे पाळली जात असल्याचे दिसून येते. या प्रथेमुळे दोन्ही केंद्रे प्रत्यक्षात परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरतात.' अप्पा, ही तुमची प्रथा आहे. सरकारी निकालात आली."

तिला वाटलं होतं ते हसतील, शेजाऱ्यांना हाक मारतील. अप्पांनी हात पुसले आणि ते टेबलाकडे बघत राहिले.

"प्रथा कसली?" ते म्हणाले. "सातव्या-आठव्या वर्षी असेल. गाडीला उशीर झाला होता. पट्टीवाला एक जण चढत होता, माझं लक्ष घड्याळाकडे. मी डबल बेल दिली. तो पडला. हाताची पट्टी सुटली, आणि रक्त... पायऱ्यांपर्यंत आलं. माणूस वाचला. मलाच म्हणाला, तुमची चूक नाही हो. पण चूक माझीच होती. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही मी. त्यानंतर मला कुणाला उभं बघवतच नाही."

लहानपणापासून ऐकलेलं ते "बसून घे" सगळं एकदम तिच्यापर्यंत आलं, प्रत्येक पाहुण्याला म्हटलेलं, गॅसवाल्याला म्हटलेलं, तिला हजारदा म्हटलेलं. एका माणसाने एका सकाळी घाई केली, आणि ती चूक तो जन्मभर फेडत राहिला. त्याच्या हाताखालच्या पोरांनी ती सवय पुढे नेली. म्हणून तेवीस माणसं त्या बसला चढली, म्हणून दोन बलाढ्य कंपन्या एका जागी अडल्या, म्हणून कुलूपवाल्याचं दुकान दहाला उघडणार होतं. असं काही मोजण्याची रीत तिच्याकडे नव्हती, प्राध्यापकांच्या पुस्तकातही नव्हती. पण ते आकड्यांत उमटलं होतं.

"कितवा परिच्छेद म्हणालीस?" अप्पांनी विचारलं.

"चौसष्ट."

"परत वाच." तिने कागद वर धरला, तसा त्यांनी हात केला. "आधी बसून घे."

ती बसली. ती नीट बसेपर्यंत अप्पा थांबले.